आडनाव क्रसी, मुक्काम खडी केंद्र

इंग्रजी शिकवून माणसाचं पोट भरतं, हे मी स्वतःच्या उदाहरणावरून सांगू शकतो. इंग्रजी शिकून भरतं का, ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारावं लागेल, आणि त्यातले निम्मे मला बाजारात पाहिलं की रस्ता बदलतात. म्हणून संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहायची गळ घातली तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मास्तरच्या नोकरीत अनुभव कसला? जूनमध्ये शाळा उघडते, उन्हाळ्यात बंद होते, मधे फळा असतो. पण संपादक म्हणाले, "दिवाळी अंक आहे, फराळाबरोबर वाचता येईल असं काही द्या." फराळ म्हटल्यावर मला सरकारी कामावर खायला वाटायचे ती सुकडी आठवली, आणि सुकडीबरोबर बहात्तरच्या दुष्काळातलं आमचं खडी केंद्र.

त्याआधी धंद्याचं थोडं सांगतो. मी तिसगावच्या पुढच्या एका खेड्यात, नव्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. नवं म्हणजे पत्रे नवे होते, भिंती व्हायच्या होत्या. पोरं हुशार, पण इंग्रजी शब्दांशी त्यांचं जमायचं नाही. शब्द पाठ करायची आणि मारुतीच्या देवळापर्यंत जाईतो सांडून टाकायची. त्यात मॅट्रिकच्या पेपरात अनेक शब्दांबद्दल एक शब्द विचारतात अशी कुठूनतरी वार्ता आली होती. देवावर विश्वास नसणारा तो कोण, स्वतःच्या हातानं स्वतःला मारणं म्हणजे काय, असले प्रश्न. मी खूप डोकं खाजवलं आणि एक युक्ती काढली.

आमच्याकडे नवा माणूस गावात आला की पहिला प्रश्न असतो, "आडनाव काय?" आडनाव कळलं की गाव कळतं, पाहुणे कळतात, कुणाच्या पंगतीला बसवायचं ते कळतं. मग उरलेलं नाव विचारलं नाही तरी चालतं. मी पोरांना सांगितलं, इंग्रजी शब्दालाही आडनाव असतं आणि ते आपल्यासारखंच शेवटी लागतं. तेवढं धरा, सगळं घराणं हाताला लागेल. 'लॉजी' आडनावाची मंडळी शास्त्री-पंडित. बायॉलॉजी जीवांचं शास्त्र सांगते, जिऑलॉजी जमिनीच्या पोटातलं. 'ग्राफी' आडनावाचे लिहिणारे, म्हणजे कारकून लोक. 'सायड' हे मारेकऱ्यांचं घराणं. होमिसायड माणूस मारतो, रेजिसायड राजाला मारतो, इन्सेक्टिसायड किड्यांना मारतो. 'फोबिया' ही भित्र्यांची भावकी, कुणी उंचीला भितं, कुणी पाण्याला. आणि 'क्रसी' म्हणजे राज्य करणारे, थेट पाटीलकीचं वतन. ऑटोक्रसी एकट्याचं राज्य, प्लुटोक्रसी पैसेवाल्यांचं, थिओक्रसी देवाच्या नावानं चालणारं, मोबोक्रसी झुंडीचं, ब्युरोक्रसी टेबलांचं, आणि डेमोक्रसी लोकांचं.

नुसतं घराणं सांगून भागेना, म्हणून मी वर्गात एकेकाला एकेक शब्द वाटून दिला. हजेरीला 'यस सर' म्हणायची बंदी केली. मी शब्द पुकारायचा, ज्याचा शब्द त्यानं उभं राहून अर्थ सांगायचा. दुसऱ्याचा शब्द बोलायला मात्र सक्त मनाई होती, नाहीतर हुशार पोरं अख्ख्या वर्गाची हजेरी एकटीच देऊन टाकतात. महिन्याभरात गावभर माझं नाव 'आडनाव मास्तर' पडलं. पोरांची नावं तर त्याहून वाईट पडली.

नामदेव नावाच्या पोराला मी हायड्रोफोबिया दिला होता, पाण्याची भीती. दोन दिवसांनी त्याची आई शाळेत आली आणि फाटकातूनच तिनं तोंड सुरू केलं. "मास्तर, माझ्या पोराला समदी पान्याला भेनारा म्हनत्यात. आवं, भ्यायला आदी पानी तर दिसाय पायजे! हिरीच्या तळाला बेडकं उताणी पडल्यात." मी तिला शब्द बदलून देतो म्हणालो तर नामदेवच तयार होईना. एवढा लांबलचक शब्द वर्गात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांचे चिरंजीवही त्याच वर्गात होते. त्यांच्या वाट्याला प्लुटोक्रसी आली, तीही निव्वळ योगायोगानं, हे मी त्या वेळीही शपथेवर सांगत होतो. अण्णासाहेबांनी मला बैठकीत बोलावून चहा दिला. चहात दूध होतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"सर, शब्द भारदस्त हाय. पण अर्थ लई उघडा हाय वो. जरा झाकलेला न्हाई का एखादा?"

मी ॲरिस्टोक्रसी काढून दिली. सर्वांत उत्तम माणसांचं राज्य. अण्णासाहेबांनी अर्थ दोनदा ऐकला आणि म्हणाले, "ह्यो आधीच का दिला न्हाई? ह्यो तर आमच्या घरातलाच हाय." वाटलेले शब्द बदलून मागायला त्यानंतर बरेच पालक आले, पण ऑटोक्रसी कुणी परत केली नाही. उलट तिला मागणी होती.

आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं, आणि बहात्तर सालच्या पावसाळ्यात तर पाऊस आलाच नाही. दिवाळीपर्यंत गावातली चूल कशावर चालणार याचं उत्तर एकच उरलं, सरकारी काम. गावाच्या अंगाला माळावर खडी केंद्र निघालं. मोठे दगड फोडून त्याची खडी करायची आणि ढीग लावायचे. ती खडी ज्या रस्त्याला जाणार होती तो रस्ता मात्र कुणी पाहिला नव्हता. गावात हातपाय हलणारा प्रत्येकजण तिथं गेला, त्यात माझा वर्गही गेला. एक दिवस शाळेत मी आणि फळा दोघंच उरलो. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही घरी जा, मी पटसंख्या सांभाळतो." ते कशी सांभाळत होते ते मी विचारलं नाही.

माझ्या वर्गात दोन इयत्ता एकत्र बसायच्या. खालच्या इयत्तेतल्या पोरांचं एक वेळ चाललं असतं, पण हिराचं काय करायचं हा प्रश्न होता. हिरा अकरावीला होती, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. तिच्याबरोबरची पोरं कुणी मामाच्या गावाला गेली, कुणी आईबापांबरोबर कारखान्यावर ऊसतोडीला गेली. फॉर्म भरलेली ती एकटीच उरली होती. वडील नव्हते. आई सगुणाबाई आणि ती, दोघी खडी फोडायच्या. मॅट्रिक झाली तर नगरला नर्सिंगला घेतात हे तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं, आणि ते एकदा ऐकल्यापासून तिला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. ती नापास झाली असती तर पुढच्या वर्षी पुन्हा बसायला तिला कुणी ठेवलं नसतं. सोयरीक सांगून आलेले होतेच. वर्गात तिचा शब्द होता डेमोक्रसी.

पोरं शाळेत येईनात म्हणून मीच शाळा घेऊन माळावर गेलो. मुकादम बाबूराव आडवा आला. हा माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. वरच्याला भ्यायचं आणि खालच्याला भेववायचं, एवढं त्याचं काम होतं आणि ते तो मनापासून करायचा.

"मास्तर, हितं शाळा न्हाई घ्यायची. पोरं बोलाय लागली का हात थांबत्यात."

"आणि हात थांबले नाहीत तर?"

तो विचारात पडला. हातोडी चालू राहील तोवर तोंड चालवायला हरकत नाही, असं शेवटी ठरलं.

मग मी हातोडीच्या ठेक्यावर शिकवायला लागलो. मी ओरडायचो, "ऑटोक्रसी!" दगडावर घाव पडायचा. पोरं ओरडायची, "एकट्याचं राज्य!" दुसरा घाव. "ब्युरोक्रसी!" घाव. "टेबलांचं राज्य!" घाव. सायड घराण्याला तर घाव फारच शोभून दिसायचे. व्याकरण, पत्रलेखन, उतारे हे सगळं दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली हिराकडून वेगळं करून घ्यायचो. बाया सुरुवातीला हसायच्या. मग त्याही पुटपुटायला लागल्या, कारण दिवसभर दगड फोडताना दुसरी करमणूक नव्हती. सगुणाबाई तेवढी कधी बोलायची नाही. मान खाली घालून फोडत राहायची. मला वाटायचं, बाईला आवडत नसावं.

त्या हिवाळ्यात जिल्ह्यात जिथं तिथं मोर्चे निघत होते. कुठं पगार थकला म्हणून, कुठं धान्य किडकं म्हणून. अशात एके सकाळी एका मोठ्या साहेबांची जीप आमच्या केंद्राच्या पाहणीला निघाली. माळाच्या उतारावर ती आली आणि वरून शंभर कंठांतून गर्जना ऐकू आली, "मोबोक्रसी! झुंडीचं राज्य!" जीप तिथंच थांबली. बरोबरच्या हवालदाराला पुढं पाठवलं. तो ओढ्यातून वाकत वाकत आला, करवंदीच्या जाळीआडून बराच वेळ पाहत राहिला आणि पळत परत गेला. त्यानं काय सांगितलं ते पुढं मला त्याच्याचकडून कळलं.

"सायेब, घोषणा चालल्यात. पन विंग्रजीत चालल्यात."

साहेबांचा चेहरा पडला म्हणे. मराठी घोषणांना खात्यात उत्तर तयार असतं. 'आपल्या मागण्या वर कळवतो' एवढं म्हटलं की झालं. पण दुष्काळी मजूर इंग्रजीत घोषणा द्यायला लागले तर ते प्रकरण वर कळवायचं तरी कुणाला? अर्धा तास जीप तिथंच उभी होती. शेवटी बाबूराव टोपी हातात घेऊन उतारावर धावला आणि खुलासा करून साहेबांना वर घेऊन आला.

खुलासा कळल्यावर साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळा घराणेनामा पुन्हा म्हणायला लावला. ब्युरोक्रसीला ते खळखळून हसले, म्हणजे ती दुसऱ्या खात्याची असावी असं त्यांना वाटलं असणार. मग हिराला पुढं बोलावून त्यांनी विचारलं, "बाळ, डेमोक्रसी म्हणजे काय?"

"लोकांचं राज्य, साहेब."

"शाब्बास! खडी फोडणारी मुलगी लोकशाहीचा अर्थ सांगते. आणखी काय पाहिजे?"

काय पाहिजे याची यादी बायांकडे तयार होती. पगार वेळेवर, प्यायला टँकर, आणि डोक्यावर सावली. पण तो प्रश्न नव्हता, उद्गार होता. तोवर फोटोवाला पुढं सरसावला होता.

आठवड्याभरात केंद्रावर पाटी लागली, 'श्रमातून शिक्षण'. अक्षरं तांबडी होती आणि श्रमातला श्र रंगाऱ्यानं फार मेहनतीनं काढला होता. पाटीमागून मांडव आला. बाया मागत होत्या त्या सावलीचं कापड अखेर आलं, पण ते वर्गावर टाकायचं आणि वर्ग पाहुणे आल्यावरच भरायचा. जीप दिसली की बाबूराव शिट्टी मारायचा, कापड वर चढायचं, हातोड्या खाली यायच्या, हिराला धुतलेलं पातळ नेसवून पुढं बसवायचं. जीप गेली की कापडाची घडी व्हायची. पाहुणे वाढत गेले. शेतीचे साहेब आले, सहकाराचे आले, पशुसंवर्धनाचेही आले. त्यांचा आमच्याशी काय संबंध ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कार्यक्रम ठरून गेला होता. सुरुवात सायडनं व्हायची आणि शेवट डेमोक्रसीनं. हिरानं उभं राहून "लोकांचं राज्य" म्हटलं की टाळ्या वाजायच्या आणि पाहुणे चहाला जायचे. शिकवायला मला वेळ मिळेना. ज्या वर्गात शिकवणं पूर्ण बंद पडलं तोच वर्ग तालुक्यात नावाजला गेला.

मार्च उजाडला. परीक्षेचं केंद्र पाथर्डीला होतं. सकाळी तिसगावपर्यंत चालत जायचं आणि तिथून एस.टी. धरायची. पहिल्या पेपरांना बाबूरावानं डोळेझाक केली. इंग्रजीच्या पेपराच्या आदल्या सकाळी मात्र तो सायकल फेकतच शाळेत आला.

"मास्तर, उद्या मुंबईचं सायेब येत्यात. लई वरचं. हिराला सोडता यायचं न्हाई."

"अरे, उद्या तिचा इंग्रजीचा पेपर आहे."

"मला का कळत न्हाई व्हय? पन हुकूम हाय. ती डेमोक्रसी बोलनारी पोरगी हजर पायजेच म्हनले. कार्येक्रम बिघडला तर ह्ये खडी केंद्र उचलून खर्ड्याकडं न्हेतील. समद्या गावाच्या भाकरीचा सवाल हाय."

मी तडक तालुक्याला गेलो. तिथं माणसं होती, पण बोलत होती ती टेबलं. पहिलं टेबल म्हणालं, परीक्षा हा शिक्षण खात्याचा विषय. दुसरं म्हणालं, मजूर हा बांधकाम खात्याचा विषय. तिसरं म्हणालं, पाहुण्यांचा दौरा वरून ठरलाय, तो आमचा विषयच नाही. चौथं टेबल जरा दयाळू होतं. ते म्हणालं, "परीक्षा पुढं ढकलता येत नाही का?" मी म्हटलं, ती साऱ्या राज्याची परीक्षा आहे. ते म्हणालं, "मग अर्ज करून ठेवा." आयुष्यभर ब्युरोक्रसीचा अर्थ शिकवला, पण पाठ झाला तो त्या दिवशी.

संध्याकाळी माळावर परतलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. ढिगांपाशी सगळ्या बाया गोळा झालेल्या, मधे हिरा. डोळे सुजलेले होते, पण आवाज कोरडा होता.

"मी जात न्हाई सर. माझ्या एकटीपायी समद्यांचं काम जाईल."

खरं सांगायचं तर मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींपैकी आधी काय करावं ते ठरत नव्हतं. तेवढ्यात सगुणाबाईनं हातातली हातोडी खाली ठेवली.

"तू जा," ती लेकीला म्हणाली. "शब्द मी बोलते."

बाबूराव म्हणाला, "मावशे, विंग्रजी हाय त्ये."

"मंग? मास्तर बोलत हुतं तवा हातुडी आमची बी चालत हुती. आमच्या कानात काय खडी भरलीया? ऑटोक्रशी, येकट्याचं राज. प्लुटोक्रशी, पैशेवाल्याचं. थिवोक्रशी, देवाच्या नावावं चालतंया त्ये. इचारा फुडं."

मी पुढचं विचारलं नाही. तिनं न विचारताच सायड घराणं पुरं केलं. आणि मग इतर बायांनी फोबिया, लॉजी वगैरे वाटून घेतले, आपापसांत हुज्जत घालून, अगदी माझ्या वर्गासारखे. सगुणाबाईकडे साऱ्या क्रसी आल्या. हिरा उठली आणि उद्याच्या पेपराचं वाचायला घरी गेली. बाबूरावानं फक्त एवढंच विचारलं, "पोरगी कुटं म्हनून इचारलं तर?" ठरलं असं की विचारायची वेळच येऊ द्यायची नाही. परीक्षेचं नाव कुणी काढायचं नाही. सगुणाबाईनं पदर पुढं ओढून हिराच्या जागेवर बसायचं, "लोकांचं राज्य" म्हणायचं आणि पाहुण्यांना चहाला काढायचं.

दुसऱ्या दिवशी जीपांची रांग आली. मुंबईचे साहेब उंच, पांढऱ्या केसांचे होते. त्यांच्या मागं आमचे पहिले साहेब, त्यांच्या मागं बाकीचे. कापड वर चढलं. आमच्या साहेबांनी हिराच्या जागी सगुणाबाईला पाहिलं आणि त्यांची मान गर्रकन बाबूरावाकडे वळली. "ही कोण?" असं ते दातांतून म्हणाले. बाबूरावाच्या आयुष्यातला तो एकमेव शूर क्षण असावा. तो म्हणाला, "प्रौढ शिक्षन, सायेब."

मुंबईच्या साहेबांनी ते ऐकलं. "अरे वा, प्रौढ शिक्षणही?" आमचे साहेब लगेच म्हणाले, "हो तर, दोन्ही बाजूंनी काम चालू आहे."

बायांनी कमाल केली. लॉजी खणखणीत झालं, फोबिया जरा घाईत झालं, सायडला टाळ्या पडल्या. मग सगुणाबाई उभी राहिली. ऑटोक्रसी झाली, प्लुटोक्रसी झाली. ब्युरोक्रसीला ती म्हणाली, "टेबलाचं राज."

साहेबांना गंमत वाटली. "टेबलाचं म्हणजे कसलं हो बाई?"

"आसतंय न्हवं कचेरीत? त्येच्या अल्याड आपुन हुबं ऱ्हायाचं. पल्याडचा मानूस उद्या या म्हनतो."

साहेब मनापासून हसले, मग त्यांच्या मागचे हसले, मग त्यांच्याही मागचे. आता शेवटचा शब्द उरला होता. आमचे साहेब घड्याळाकडे पाहत होते. चहाचे पेले मांडलेले दिसत होते.

"आणि डेमोक्रसी?" मुंबईच्या साहेबांनी विचारलं.

सगुणाबाई गप्प राहिली. मला वाटलं विसरली. माझे ओठ आपोआप हलायला लागले. बाबूराव मागं उभा राहून हातानं खुणा करत होता. पण ती विसरली नव्हती. तिनं पदर डोक्यावरून जरा मागं सारला आणि सरळ साहेबांकडे पाहिलं.

"त्यो शब्द मला बोलता यायचा न्हाई, सायेब."

"का बरं?"

"त्यो माझ्या लेकीचा शब्द हाय. दुसऱ्याचा शब्द बोलायचा न्हाई आसं मास्तरांनी घालून दिलंया. लेक माझी आज मॅट्रिकच्या परीक्षेला गेलीया. पाथर्डीला. इंग्रजीचाच पेपर हाय आज."

ठरलेलं सगळं तिनं एका दमात मोडलं. मी नियमाचं नाव ऐकून क्षणभर सुखावलो, पण खरं कारण नियम नव्हताच. तिच्या घराण्यात आजवर मॅट्रिकला कुणी बसलं नव्हतं. एवढी मोठी गोष्ट, आणि समोर मुंबईचा एवढा मोठा साहेब. त्याला सांगायचं नाही तर मग कुणाला सांगायचं? ती सांगत होती तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की मला तिच्यावर रागवता येईना. त्या क्षणी मला ती बाई फार आवडली.

मुंबईच्या साहेबांनी मान वळवली. "आज परीक्षा होती? आणि त्या मुलीला आज इथं हजर राहायला सांगितलं होतं का?"

मग आमचे साहेब एक पाऊल पुढं आले आणि नम्रपणे म्हणाले, "नाही सर. उलट आम्हीच तिला परीक्षेसाठी मोकळं केलं. आमच्या केंद्राचं ते धोरणच आहे."

त्यांच्या मागून बाबूराव म्हणाला, "व्हय सायेब, धोरन हाय." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मोकळं करायला ज्यांच्यापैकी एकही तयार नव्हता, त्या सगळ्यांनी मिळून तिला मोकळं केलं होतं. मुंबईचे साहेब समाधानानं चहाला गेले आणि खडी केंद्र खर्ड्याला गेलं नाही.

दिवस कलताना हिरा तिसगावाहून चालत आली. मी तिच्या हातातून प्रश्नपत्रिका अक्षरशः हिसकावली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. क्रसी नाही, सायड नाही, लॉजी नाही. एकाही घराण्यातला एकही माणूस त्या पेपरात आला नव्हता. सबंध हंगामभर त्या माळावर आम्ही दगडांना जे शिकवलं त्यातलं काही बोर्डाला नको होतं.

"निबंध कुठला लिहिलास?"

"येकच येत हुता सर. पावसाळ्यातला एक दिवस." ती ढिगावर बसली आणि पायातले काटे काढत म्हणाली, "लई आठवावं लागलं."

जूनमध्ये निकाल लागला. हिरा इंग्रजीत काठावर पास झाली, पण झाली. बाभळीखालच्या पत्रलेखनानं आणि न पडलेल्या पावसानं तिला तारलं. नगरला तिला नर्सिंगला घेतलं. नामदेवाला मात्र मी पुढं फॉर्म भरायला लावू शकलो नाही, ही रुखरुख अजून आहे. तो कारखान्यावर गेला तो तिकडचाच झाला. सणासुदीला तो गावी येतो तेव्हा बाजारात कुणी "ए हायड्रोफोबिया" अशी हाक मारली की एक पिकल्या मिशांचा माणूस आजही वळून बघतो, आणि ती हाक मारणारा बहुधा मी असतो.

निकाल लागला तरी पाऊस नव्हताच, त्यामुळे खडी केंद्र चालूच होतं. पाहुणे यायचे बंद झाले होते, कारण तोवर दुसऱ्या तालुक्यात कुठंतरी मजुरांचं भजनी मंडळ निघालं होतं आणि सगळ्या जीपा तिकडं वळल्या होत्या. मांडवाचं कापड कुणीतरी नेलं. पाटीवरचा तांबडा रंग उडाला, श्र तेवढा उरला. मी सवयीनं माळावर जायचो. हजेरीही सवयीनंच घ्यायचो, बायांची. त्यांनी आपापले शब्द सोडले नव्हते.

हिरा नगरला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सगुणाबाई माझ्यापाशी आली. हातातली हातोडी तिनं पाठीमागं धरली होती, जशी काही ती वर्गात आली होती.

"मास्तर, हिराचा शब्द आता मोकळाच पडलाय न्हवं?"

"पडलाय."

"त्यो कुनाला दिऊ नगा. मला द्या. घरातलाच हाय, घरातच ऱ्हाऊ द्या."

डेमोक्रसी आईकडून लेकीकडे जावी की लेकीकडून आईकडे, याविषयी माझ्या पुस्तकात काही दिलेलं नव्हतं. पुढं आमच्या तालुक्यात, आणि पेपरात वाचतो त्यावरून इतरत्रही, पुष्कळ घरांनी तसाच अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. पण त्या सगळ्यांत दगड फोडून शब्द कमावलेली सगुणाबाई एकटीच. मी तिला तो देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढिगांपाशी उभा राहून हजेरी सुरू केली. ऑटोक्रसी, प्लुटोक्रसी, ब्युरोक्रसी. बाया अर्थ सांगत गेल्या, घाव पडत गेले. शेवटी मी पुकारलं, "डेमोक्रसी?"

उत्तर आलं नाही. मी पुन्हा पुकारलं. तेव्हा पलीकडच्या ढिगामागून, धुरळ्यातून, आवाज आला.

"हाय मास्तर, हितंच हाय. टोपलं रितं करून येते, तवर थांबा."

आणि आम्ही सगळे थांबलो.